क्षिप्रा विकली त्या वर्षी

मागच्या महिन्यात एका सकाळी दवाखान्यातून फोन आला. रात्रभर तिथं बसून मी नुकताच आंघोळीसाठी घरी आलो होतो. पलीकडची नर्स म्हणाली, "अंकलजी, आप आ जाइए…" आणि थांबली. खांद्यावर टॉवेल तसाच ठेवून मी खुर्चीत बसलो. कुमुदवहिनी गेल्या होत्या. माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. वय ब्याऐंशी, म्हणजे अकाली गेल्या असं कोणी म्हणणार नाही. पण जुनी इंदूर भागातल्या आमच्या घरात अठ्ठेचाळीस वर्षं त्या वरच्या खोलीत आणि आम्ही खाली राहिलो. त्या नसलेलं घर कसं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

दोन दिवसांनी इथल्या एका पेपरात त्यांच्याविषयी छोटीशी बातमी आली. शिडाच्या लहानशा होडीतून नवऱ्याबरोबर महासागर ओलांडणारी इंदूरची निडर बाई, असं काहीसं त्यात होतं. नंतरच्या शोकसभेतही तीन जण बोलले आणि तिघांनीही तोच शब्द वापरला. मी मान खाली घालून ऐकत राहिलो. मनात सारखं येत होतं, की उठावं आणि सांगावं… अहो, त्या निडर नव्हत्या. मी पाहिलेल्या माणसांमध्ये समुद्राला सगळ्यात जास्त त्याच घाबरत होत्या. आणि त्यांची मोठी गोष्ट तीच होती. पण सभेत उठून बोलायची मला हिंमत झाली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

माझा थोरला भाऊ, दादा, इंजिनिअर होऊन मोंबासाच्या गोदीत नोकरीला गेला. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारदरबारी कारकुनी आणि कोठारावरची कामं करत आलेल्या. पाणी आम्हाला ठाऊक ते खान नदीचं आणि फार तर सिरपूरच्या तलावाचं. दादाला हे समुद्राचं वेड कुठून लागलं, देव जाणे. तिकडे त्यानं एका गोवेकर सुताराला हाताशी धरून दोन वर्षांत एक होडी बांधली. होडी म्हणजे कॅटामरान. प्लायवुडच्या दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी, त्यांना जोडणाऱ्या आडव्या सागवानी तुळया, वर फळ्यांचं माचण आणि मधोमध डोलकाठी. लांबी किती? आमच्या घराच्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर होईल तेवढी. तिला त्यानं नाव दिलं 'क्षिप्रा'. त्या होडीतून दादा आणि वहिनी आधी झांजीबारला आणि मादागास्करला जाऊन आले, आणि मग नोकरी सोडून, सेशेल्स आणि मालदीव बेटांवरून कोचीनला आणि तिथून किनाऱ्यानं वर येत कोकणातल्या एका खाडीत येऊन थांबले. होडी तिथं कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाच्या ताब्यात देऊन दोघं इंदूरला आले.

नवा मध्य प्रदेश झाला होता, राजधानी भोपाळला गेली होती आणि आमच्या कचेरीतला जो तो आपली बदली भोपाळला होते की काय या धास्तीत होता. मीही. अशा दिवसांत हे दोघं उन्हानं काळे पडून घरी आले. गावात नुसती धूम! सत्कार झाले, शाळांमध्ये बोलावणी आली. दादा उडणाऱ्या माशांच्या गोष्टी सांगायचा. वहिनी शेजारी पदर नीट घेऊन बसायच्या. कोणी विचारलं, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटली?" की हसून म्हणायच्या, "छे!" टाळ्या पडायच्या.

वर्षाच्या आतच दादा साध्या काविळीनं गेला. महासागर ओलांडून आलेला माणूस इथं घरच्या अंथरुणावर अठरा दिवसांत संपला. वहिनी तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या, मी चोवीसचा. मूलबाळ नव्हतं, घरात मी आणि आई. माहेरी सावत्र भाऊ होता, तो दहाव्याला येऊन गेला तो गेलाच. दादानं मागं ठेवलेलं म्हणजे तीच होडी.

ती विकायला काढली, आणि आठ महिने कोणी विचारलं नाही. मग दिवाळीनंतर एक पत्र आलं. केरळातले एक डॉक्टर होते, कुरियन म्हणून. त्यांना आफ्रिकेत नोकरी मिळाली होती आणि तिथं आगबोटीनं न जाता स्वतःच्या होडीतून जायची त्यांची हौस होती. बरोबर बायको आणि चार वर्षांची मुलगी. महिन्याभरात होडी बघायला येतो, पसंत पडली तर तिथूनच निघतो, असं त्यांनी लिहिलं होतं. मी पत्र वाचून दाखवलं आणि आनंदानं वहिनींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"मुलगी पण नेणार?" त्यांनी विचारलं.

"असं लिहिलंय खरं."

त्या उठल्या, दादाची ट्रंक उघडली आणि तळातून एका फडक्यात बांधलेली वीतभर रुंद, हातभर लांब अशी लोखंडी पट्टी काढून माझ्या मांडीवर ठेवली. तिच्यावर गंज चढला होता आणि बोल्टच्या भोकापाशी ती आरपार तडकलेली होती. "तुळई होडीला धरून ठेवते ती ही," त्या म्हणाल्या. "अशा चार आहेत. ही तुटली. तिच्या जागी सध्या नुसता दोर बांधलाय. तुमचे दादा हिच्यासारखी इथंच करून घेणार होते… राहून गेलं. भाऊजी, चारही नव्या करून आणा. आणि अशा करून आणा की लहान मूल वर बसणार आहे."

मला त्या वेळी त्या शेवटच्या वाक्याचं वजन कळलं नाही. पोलोग्राउंडला दादाच्या ओळखीचे एक मिस्त्री होते, मुन्नालालजी. मी पट्टी घेऊन त्यांच्या कारखान्यात गेलो. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "भिया, ये है काहे की?" मी म्हटलं, नाव की. ते इतके हसले की भट्टीवरचे कारागीरही वळून बघायला लागले. "इंदौर में नाव! खान नदी में चलाओगे क्या?" मग मी त्यांना सांगितलं, की ती आफ्रिकेपर्यंत जाणार आहे आणि तिच्यात चार वर्षांची मुलगी असणार आहे. मुन्नालालजींचं हसू थांबलं. तडकलेल्या जागेवर त्यांनी अंगठा फिरवला. "ये टूटी तो फिर?" त्यांनी विचारलं. मी काय सांगणार? मला ठाऊक असतं तर ना! त्यांनी त्या पट्ट्या जुन्यापेक्षा दीडपट जाड केल्या, जस्ताचा मुलामा दिला, आणि माझ्या हातात देताना म्हणाले, "भिया, मैंने तो कर दी. अब रातों को नींद नहीं आएगी।" त्यांचं हे बोलणं मला बाधलं. तोवर ते नुसतं लोखंड होतं.

होल्डॉलमध्ये चार पट्ट्या गुंडाळून मी आणि वहिनी निघालो. खांडव्याला गाडी बदलून मुंबई, आणि तिथं भाऊच्या धक्क्यावरून लाँच. मी समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो. लाँच धक्क्यापासून सुटली, जरा डोलली आणि मी बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. मला पोहता येत नाही, आजही येत नाही. वहिनींकडे पाहिलं तर त्या डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, दादाची आठवण येत असेल.

खाडीत तांडेलानं होडी चिखलावर ओढून ठेवली होती. मी सत्कारांमध्ये ऐकून ऐकून मनात तिचं मोठं चित्र रंगवलं होतं. प्रत्यक्षात ती इतकी लहान होती की मला धक्काच बसला. रंग उडालेला, शिडाला तीन ठिगळं, आणि आत उतरलं तर झोपायची जागा म्हणजे आपलं लांबट कपाट. यातून माणसं महासागर ओलांडून आली! मी पुढच्या तुळईपाशी गेलो. तिथं जाड दोराचे वेढे होते, एकावर एक, किती ते मोजता येत नव्हते. मिठानं आणि उन्हानं तो दोर दगडासारखा झाला होता. तांडेल म्हणाला, "बाईंनी बांधलाय तो. मी सोडवायला गेलो, सुटेना. कापायचा धीर नाय झाला." वहिनींनी स्वतः कोयता घेतला आणि तो दोर कापला. कापायला बराच वेळ लागला. मग तांडेलानं आणि मी नव्या पट्ट्या बसवल्या, बोल्ट आवळले. वहिनींनी प्रत्येक बोल्टाला हात लावून पाहिला, एकदा नव्हे, दहादा.

तिसऱ्या दिवशी कुरियन आले. उंच, दाढीवाले, सतत हसणारे डॉक्टर. त्यांची बायको अ‍ॅना, जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांची, आणि आईचा फ्रॉक धरून उभी असलेली मिनी. डॉक्टर होडीवर चढले ते लहान पोरासारखे इकडून तिकडे फिरायला लागले. ते याआधी मित्रांच्या होड्यांमधून पुष्कळ फिरले होते, त्यामुळे त्यांना शिडाची माहिती होती. त्यांनी हट्टच धरला, की आत्ताच्या आत्ता भरती आहे तर बाहेर समुद्रात नेऊन बघू. सुकाणू वहिनींनी धरायचं, कारण होडीची चाल त्यांनाच माहीत. मिनीला तांडेलाच्या बायकोपाशी ठेवलं. अ‍ॅना आली. आणि मला म्हणायला हवं होतं की मी काठावर थांबतो; पण वहिनी जात असताना मी कसा थांबणार होतो?

खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. लांबून त्या पांढऱ्या रेघेसारख्या दिसत होत्या. जवळ गेल्यावर त्यांच्या आवाजात दुसरं काही ऐकू येईना. पहिली लाट आली तेव्हा होडी उभी राहते आहे असं वाटलं. मी माचणावर पालथा पडलो आणि फळीच्या फटींत बोटं घातली. बाहेर पडल्यावर वारा एकदम वाढला, शीड ताणलं आणि उजव्या बाजूची होडी पाण्यातून वर उचलली गेली. डॉक्टर ओरडले, "वा! वा!" माझं लक्ष मात्र त्या पट्ट्यांवर होतं. दर लाटेला तुळईतून कर्र असा आवाज येत होता. तो लाकडाचा होता की लोखंडाचा, मला कळत नव्हतं. पोलोग्राउंडच्या भट्टीत मुन्नालालजींनी एखादा घाव कमी मारला असेल तर? मी बोल्ट आवळताना एखादा पीळ कमी दिला असेल तर? मान वळवून वहिनींकडे पाहिलं. सुकाणूवर त्यांचे हात अगदी स्थिर होते, होडी त्यांना ऐकत होती, पण चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते समुद्राचं नव्हतं. त्यांना रडू येत होतं आणि रडता रडता त्या होडी चालवत होत्या… हे मी पाहिलं, आणि अ‍ॅनानंही पाहिलं.

आम्ही सुखरूप परत आलो. संध्याकाळी तांडेलाच्या ओसरीवर सगळे बसलो. डॉक्टरांना होडी पसंत होती, ते नकाशे पसरून मिनीला बेटं दाखवत होते. अ‍ॅना उठून वहिनींशेजारी येऊन बसली आणि तिनं हळू आवाजात इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला भीती वाटायची का?"

हा प्रश्न मी वीस वेळा ऐकला होता, आणि उत्तरही. मी त्या 'छे'ची वाट पाहत होतो. तेवढं एक 'छे' म्हटलं की होडी विकली जाणार होती, वहिनींची पुढची सोय होणार होती आणि आम्ही दुसऱ्या दिवशी इंदूरची गाडी धरणार होतो.

वहिनींनी मिनीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रोज. पहिल्या दिवसापासून रोज."

आणि मग त्यांनी ते सांगितलं, जे इंदूरमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं. सेशेल्स सोडून नऊ दिवस झाले होते. वादळ वगैरे काही नव्हतं, नेहमीचा वारा होता. सकाळी चहा करताना एक आवाज आला आणि पुढची पट्टी तुटली. डावीकडची होडी तुळईपासून सुटायला लागली. दर लाटेला मधली फट चार बोटं उघडायची आणि मिटायची. दादा धावत गेला, दोर टाकायला त्यानं फटीत हात घातला आणि फट मिटली. त्याची दोन बोटं चिरडली. (ती वाकडी बोटं आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. गोदीत यंत्रात सापडली, असं तो सांगायचा.) त्याला ताप चढला, तो खाली पडून राहिला. वहिनी पालथ्या पडून, कमरेला दोर बांधून, नांगराच्या दोरानं ती तुळई बांधत राहिल्या. वेढा घालायचा, लाकडाच्या दांडक्यानं पिरगळून आवळायचा, पुन्हा वेढा. दिवस मावळेपर्यंत. त्यानंतरचे अकरा दिवस त्या दोरावर हात ठेवून बसल्या. डुलकी लागली तरी हात तिथंच. दोर जरा सैल झाला तर हाताला कळावं म्हणून.

"हे पाहा," त्या अ‍ॅनाला म्हणाल्या, "नव्या पट्ट्या चांगल्या आहेत. माझ्या दिरानं मन लावून करून आणल्यात. पण त्या तुटणारच नाहीत असं मी म्हणणार नाही. त्या तुटल्या तर काय करायचं, ते मी तुम्हाला उद्या शिकवते. आणि माझं विचाराल, तर त्या दिवसापासून मला नुसता पाण्याचा आवाज आला तरी पोटात गोळा येतो. आजही आला."

डॉक्टरांनी नकाशावरून मान वर केली. त्यांचं हसू गेलं होतं. "मॅडम, तुम्हाला होडी विकायची आहे ना?"

"विकायची आहे. पण ती पोचायला हवी."

अ‍ॅनानं विचारलं, "मग हे तुम्ही नवऱ्याला कधी सांगितलं नाहीत?"

"ते विचारायचे, कुमुद, घाबरलीस का? मी म्हणायची, छे. पहिल्यांदा म्हटलं ते त्यांना बरं वाटावं म्हणून. आणि एकदा म्हटलं ना, की मग ते परत घेता येत नाही."

ते तिघं आपल्या मुक्कामावर गेले आणि मी वहिनींवर चिडलो. आयुष्यात एकदाच चिडलो असेन. म्हटलं, "वहिनी, हे सगळं बोलायची काय जरूरत होती? फालतूमध्ये डरवलंत त्यांना. बिल्कुल घेणार नाहीत आता." त्या म्हणाल्या, "भाऊजी, अ‍ॅनानं मला होडीवर रडताना पाहिलं. आता खोटं बोलले असते, तर तिला वाटलं असतं की आपलंच डोकं फिरलंय… मला तसं वर्षानुवर्षं वाटायचं. सगळे हसताहेत, मग मलाच काय झालंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरियन आले आणि होडी घेतो म्हणाले. पुढचे दोन दिवस अ‍ॅना वहिनींकडून तसा दोर बांधायला शिकली. तिच्या हातांना फोड आले. त्यानंतरच्या दिवशी ओहोटीबरोबर ते निघाले. मिनीच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि ती आम्हाला हात हलवत होती. वहिनींनी हात हलवला नाही. त्या पाठ फिरवून चालायला लागल्या, आणि तांडेलाच्या घरामागं जाऊन ओकल्या.

इंदूरला परत आल्यावर सुरू झाले ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. होडी विकली म्हणजे सुटलो, असं मला वाटलं होतं. सुटलो कसले! कचेरीत फाईल उघडली की त्या चार पट्ट्या दिसायच्या. समोरच्या दुकानाचा पत्रा वाऱ्यानं वाजला की माझी बोटं टेबलाची कड शोधायची. एकदा मी पोलोग्राउंडला जाऊन मुन्नालालजींना विचारून आलो, की जस्ताच्या खाली लोखंडात पोकळी राहू शकते का. ते म्हणाले, "भिया, मत पूछो." मी त्यांच्यापाशी तसाच बसलो, त्यांनी चहा मागवला. घरी वहिनी दुपारी बाराला दारात येऊन उभ्या राहायच्या, कारण पोस्टमन त्या वेळी यायचा. "कुछ नहीं है, बाईजी," म्हणत तो पुढं जायचा. मग त्या वर जायच्या. आम्ही दोघं त्या विषयावर एक अक्षर बोलत नव्हतो. मला वाटायचं, बोललो तर ते खरं होईल.

तीन आठवड्यांनी कोचीनहून पत्र आलं. अ‍ॅनाचं. वहिनींनी ते फोडलं आणि वाचता वाचता पायरीवर बसल्या. मला वाटलं, संपलं. त्यांनी कागद माझ्याकडे दिला. अ‍ॅनानं लिहिलं होतं, की किनाऱ्यानं येताना होडी छान चालली, पट्ट्यांना काही झालं नाही, पण तिला स्वतःला रोज भीती वाटत होती. नवऱ्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, हो, वाटते, आणि मिनीला घेऊन मी पुढं येणार नाही. दोन दिवस भांडण झालं. मग तो समजला. ती आणि मिनी आगबोटीनं येणार, तो आपल्या भावाला घेऊन होडीनं जाणार. शेवटी तिनं लिहिलं होतं, की असं म्हणता येतं हेच मला ठाऊक नव्हतं, ते तुमच्यामुळे कळलं.

मी म्हटलं, "वा! मुलगी उतरली ना. अब क्या चिंता?" वहिनी म्हणाल्या, "दोन माणसं अजून वर आहेत, भाऊजी."

त्यानंतर काहीच नाही. माघ गेला, होळी झाली. अडीच महिने. वहिनींचं वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "होडीवर होते तेव्हा निदान हात दोरावर होता. इथून काय धरू?" मग मीच म्हणालो, "वहिनी, मला पण फार भीती वाटतेय. पट्ट्या मी करून आणल्यात." हे मी पहिल्यांदाच कोणापाशी बोललो. त्या म्हणाल्या, "अहो, मग एकटे कशाला बसता खाली? वर येत जा." त्या दिवसापासून कचेरी सुटली की मी वर जाऊन बसायचो. त्या शिवत असायच्या, मी पेपर वाचायचो. भीती काही कमी झाली नाही. पण ती दोघांत वाटली गेली, एवढं खरं.

गुढीपाडव्याच्या आसपास एका दुपारी मी कचेरीत असताना शेजारचे काका सायकलवरून आले आणि म्हणाले, "चलो, वहिनी बुला रही हैं." माझ्या हातातली दौत सांडली. घरी पोचलो तर वहिनी दारात, हातात निळं पाकीट, न फोडलेलं. "तुम्ही फोडा," त्या म्हणाल्या. माझ्याच्यानं फोडवेना. शेवटी दोघांनी मिळून फोडलं. पत्र डॉक्टरांच्या भावाचं होतं; दोघं सेशेल्सला पोचले होते, सगळ्यात लांबचा टप्पा संपला होता. वाटेत डोलकाठी मोडली, पाच दिवस नुसते वाहत गेले, अर्ध्या शिडावर कसेबसे पोचले. पट्ट्या चारही जशाच्या तशा. आणि खाली डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती, की मॅडम, मी फार घाबरलो होतो आणि ते भावाला सांगितलं.

वहिनींनी पत्र घडी करून ठेवलं, वर गेल्या आणि झोपल्या. चौदा तास झोपल्या. माझी आई दोनदा वर जाऊन नाकाशी बोटं धरून आली. मी पोलोग्राउंडला गेलो आणि मुन्नालालजींना सांगितलं. त्यांनी हातोडा खाली ठेवला आणि डोळे पुसले, मग सगळ्या कारागिरांना जिलबी वाटली.

पुढं वहिनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिल्या. समुद्रावर पुन्हा गेल्या नाहीत. सत्काराला मात्र जायच्या, आणि कोणी तो प्रश्न विचारला की म्हणायच्या, "हो, फार." लोकांना वाटायचं, बाई विनयानं बोलतात. परीक्षेआधी शाळेतल्या मुली त्यांच्या खोलीत येऊन नुसत्या बसायच्या. माझी मुलगी सुधा पहिल्या बाळंतपणाच्या वेळी माझ्या बायकोला सोडून त्यांचा हात धरून होती. त्या कोणाला "घाबरू नको" म्हणत नसत. "वाटते ना? ये, बस," म्हणायच्या, आणि बसायच्या.

शेवटच्या आठवड्यात त्यांना श्वास घ्यायला त्रास होत होता. एका दुपारी मास्क बाजूला सारून मला म्हणाल्या, "भाऊजी, भीती वाटतेय हो." दवाखान्यातले डॉक्टर शेजारी उभे होते, ते लगेच म्हणाले, "कुछ नहीं होगा, माताजी." मी खुर्ची पुढं ओढली आणि म्हटलं, "मलाही वाटतेय, वहिनी." त्यांनी मान हलवली. त्यांचा हात माझ्या हातात राहिला.

आता रोज संध्याकाळी मी सवयीनं जिना चढतो. त्यांची खोली अजून तशीच आहे. पलंगावर चादर आहे, खुंटीवर शाल आहे, खिडकीतून रस्त्याचा आवाज येतो. दाराशी गेलं की माझा पाय अडतो. त्या खोलीत एकट्यानं बसायची मला भीती वाटते. बरेच दिवस मी हे कोणाला सांगितलं नाही. या वयात कसं सांगायचं? परवा सुधा माहेरी आली होती, तिला सांगितलं. तिनं मला हाताला धरून आत नेलं, पलंगावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.